मास्तरांचा डावा हात

मास्तरांकडे लग्नाची सुपारी घेऊन आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नसे. एकदा सुरतेतल्या वेसूकडचे एक बिल्डर शेठ स्वतः गाडी घेऊन आले होते. मुलीच्या लग्नात व्हायोलिनवाले हवेत म्हणाले, बॅन्डबाजा आता जुना झाला, स्टेजवर काळे कोट घालून बसलेली माणसं शोभून दिसतात. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, शेठना पाणी दिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "तुमच्या घरात एवढ्यात कोणी गेलंय का?" शेठ गडबडले, नाही म्हणाले. "मग आमचं काय काम?" म्हणत मास्तर आतल्या खोलीत निघून गेले. शेठना गाडीपर्यंत सोडायला मी गेलो. दार लावून घेताना त्यांनी मला हळूच विचारलं की हे भाई बरे आहेत ना. मी म्हटलं, बरे आहेत. दुसरं काय सांगणार?

सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि खात्यातले माग जो चालते ठेवतो त्याला मास्तर. म्हणजे वाद्यवृंदापुढे उभं राहायच्या आधीपासूनच ते मास्तर होते. मूळचे अमळनेरच्या बाजूचे. तरुणपणी गावच्या बॅन्डमध्ये कॉर्नेट वाजवायचे, लग्नसराई संपली की हात चोळत बसायचे, म्हणून इकडे आले. वाद्यवृंदाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते खात्याच्या शेठच्या केबिनबाहेर. आत टीव्हीवर परदेशातला कुठला तरी भला मोठा वाद्यवृंद चालू होता, आणि पुढे उभा राहून एक म्हातारा हात हलवत होता. केबिनला काच आणि बाहेर माग धडधडतायत, त्यामुळे मास्तरांना आवाज काही ऐकू आला नाही. त्यांनी पाहिला तो फक्त हात. हात वर गेला की सगळे हलायचे, हात थांबला की सगळे गप्प. कधीकधी मला वाटतं, ती काच मध्ये नसती तर आमचं पुढचं बरंच काही टळलं असतं.

मग त्यांनी माणसं जमवली. उधना, लिंबायत, डिंडोली, झालंच तर कडोदऱ्यापर्यंतची. बहुतेक आम्ही खानदेशी, थोडे मराठवाड्याचे, थोडे विदर्भातले. मागावरचे कारागीर, एक वॉचमन, एक रिक्षावाला, गिलावा करणारे दोघे भाऊ. मोडीत निघालेल्या बॅन्डची वाद्यं त्यांनी कुठून कुठून आणली, व्हायोलिनं फेव्हिकॉलनं चिकटवली, त्यातलं एक मला दिलं. लूमवर वर्षं काढलेल्या माणसाचे कान अर्धे गेलेले असतात, तो समोरच्याचे ओठ आणि हात बघून बोलणं समजून घेतो. मास्तरांनी याचाच फायदा उठवला. आमच्यातल्या अर्ध्या लोकांना शेजारचा काय वाजवतोय ते नीट ऐकू येत नसे, पण मास्तरांच्या हातावरून कोणाची नजर ढळत नसे. सुटीच्या दिवशी दुपारी समाजाच्या वाडीत, म्हणजे इथल्या भाषेत मंगल कार्यालयात, आमचा कार्यक्रम असायचा. तिकीट नाही, पावती नाही. एकच मोठी रचना, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांच्या चालींवरून मास्तरांनी स्वतः बांधलेली. तिला नाव नव्हतंच, आम्ही नुसतं 'मोठं' म्हणायचो.

माणूस विक्षिप्त होताच. दिवसभर खात्यात कानात कापसाचे बोळे घालून वावरायचे, तालमीला आले की खिशातली डबी काढून बोळे तिच्यात ठेवायचे, चष्मा ठेवावा तसे. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या खांद्याच्या जरा वर बघायचे, त्यामुळे आपल्या मागे कोणी उभं आहे की काय असं वाटून नवा माणूस हमखास वळून बघायचा. खुर्च्या मांडायचं काम त्यांनी कधी कोणाला करू दिलं नाही. एकेक खुर्ची फडक्यानं पुसायची आणि मग बैठकीवर हाताची मागची बाजू टेकवून क्षणभर थांबायचं, पोराला ताप आहे का बघतात तसं. रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्यांवर हात जरा जास्त वेळ असायचा.

रिकाम्या खुर्च्यांची सुरुवात तात्यांपासून झाली. तात्या म्हणजे आमचे वॉचमन, युफोनियम नावाचं ते पितळी धूड वाजवायचे. पोटाच्या दुखण्यानं गेले. गावी न्यायचं तर गाडीचा रस्ता लांब आणि उन्हाळ्याचे दिवस, म्हणून इथेच उरकलं. पुढच्या कार्यक्रमाला त्यांची जागा कोण घेणार हे मास्तरांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मोठं सुरू झालं. तात्यांचा एकट्याचा तुकडा आला तसा मास्तरांनी डावा तळहात आमच्याकडे करून वर धरला. आम्ही थांबलो. उजव्या हातानं ठेका चालूच होता, कुठलाही आवाज नाही, फक्त वरचे पंखे. सगळ्या वाडीत कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या तात्यांच्या सुनेनं एकदम सावरून डोक्यावर पदर घेतला. सासरा उंबऱ्यातून आत आल्यावर घेतात तसाच. मग आपण हे काय केलं असं वाटून तिनं आजूबाजूला बघितलं. तेवढ्यात मास्तरांचा हात खाली आला आणि आम्ही पुढे वाजवायला लागलो.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मी फोल्डिंगला आहे. दिवसभर टेबलावरून कापड ओढून त्यातला दोष शोधायचा, हा माझा धंदा. ताण्यातली एक तार तुटली आणि कारागिरानं ती वेळेवर सांधली नाही, तर सगळ्या ताग्याभर एक बारीक रेघ पडत जाते आणि माल बाद होतो. हे माझ्यापेक्षा मास्तरांना जास्त कळत होतं. तुटलेली तार तशीच ठेवून माग चालवणाऱ्याला त्यांनी खात्यातून हाकललेलं मी पाहिलंय. म्हणून मी त्यांना जाऊन विचारलं, की तात्यांच्या जागी दुसरा बसवायला काय हरकत आहे, ही रेघ का ठेवायची? ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "तार सांधायची असते भो. माणसाची वाट बघायची असते." आणि आम्हाला ताकीद दिली की त्या जागेत कोणी मनातल्या मनात मात्रा मोजायच्या नाहीत, फक्त वाट बघायची. मला राग आला. वाजवणाऱ्यानं मात्रा मोजायच्या नाहीत म्हणजे करायचं तरी काय?

पण लोकांना ते कळलं होतं, मला कळायच्या आधी. इथे मेलेल्या आमच्या माणसांचं काय होतं ते बाहेरच्याला सांगून समजायचं नाही. गावात भाऊबंद असतात, पार असतो, नदी असते. इथे भाड्याची खोली असते आणि दहाव्याच्या आत घरमालक विचारतो की खोली ठेवणार का सोडणार. माणूस कुठे होता याची खूणसुद्धा राहत नाही. तात्यांनंतर काही दिवसांनी वर्ध्याकडची एक बाई मास्तरांच्या दारात आली. तिचा नवरा बांधकामावरून पडून गेला होता. त्यानं आयुष्यात कुठलं वाद्य हातात धरलं नव्हतं. "माह्या नवऱ्याचंबी काही ठेवा जी," एवढंच ती म्हणाली. मास्तरांनी तिला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "चालायचा कसा?" असं विचारलं.

बाई उठली, पदर खोचला आणि त्या एवढ्याशा खोलीत नवऱ्यासारखी चालून दाखवली. एक खांदा पडलेला, पाय जरा फाकवून, डोक्यावर घमेलं असल्यासारखी मान ताठ. बारीकशी बाई, पण मी शपथेवर सांगतो, त्या चार पावलांत खोलीत एक उंच माणूस चालून गेला. तिचं तिलाच ते जाणवलं असावं, कारण भिंतीशी पोचल्यावर ती परत वळेना. मास्तरांनी डोळे मिटून मान हलवली. पुढच्या कार्यक्रमात मोठंमध्ये एक नवी जागा आली, व्हायोलिनांच्या ऐन भरात, आणि ती बाई पहिल्या रांगेत बसून समोरच्या रिकाम्या हवेकडे एकटक बघत राहिली.

मग हे वाढतच गेलं. मास्तरांच्या खोलीत कोणी ना कोणी चालत असायचं. म्हातारा बाप तरण्या मुलासारखा चालायचा, सून सासूसारखी लंगडायची. त्या चालीवरून जागा केवढी आणि कुठे ते मास्तर ठरवायचे आणि कधी चुकायचे नाहीत. दवाखान्यांत खाटा मिळत नव्हत्या ती साथीची वर्षं गेली, त्यानंतर तर मोठंमध्ये वाजवायला किती उरलं होतं ते विचारू नका. पाहुणे म्हणून आलेले एक गुजराती सद्गृहस्थ मला म्हणाले, "भाई, आमां म्युझिक तो छे ज नहीं." खरं होतं त्यांचं, त्यात संगीत असं उरलंच नव्हतं. पण वाडीत उभं राहायला जागा नसायची. हात वर गेला की शे-दोनशे माणसं श्वास धरायची, आणि त्या गप्प पडलेल्या वेळात कुठेतरी एखादी बाई हसायची, अगदी सहज, कोणीतरी कानात चेष्टा केल्यासारखी. मी त्या वेळी तबकडीसारखे डोळे करून मास्तरांच्या हाताकडे बघत बसायचो. दुसरीकडे बघायची माझी छाती नव्हती.

कार्यक्रम संपला की लोक त्यांना गाठून विचारायचे, आला होता का, दिसली का. मास्तर एकालाही उत्तर द्यायचे नाहीत. मी फक्त हात हलवतो, असं म्हणून फडकं घेऊन खुर्च्या आवरायला लागायचे. परवा परवा ते स्वतः गेले. आता त्यांच्या खात्यातलाच एक जण हात हलवतो, बऱ्यापैकी हलवतो. मास्तरांची जागा कुठे ठेवायची यावर आमच्यात अजून वाद आहेत. त्यांच्या हाताला कधी आवाजच नव्हता, तर तो बंद झालेला ऐकवायचा कसा? आम्ही दर बैठकीत भांडतो आणि चहा पिऊन उठतो.

आता दादाचं सांगतो. इतका वेळ टाळलं.

दादा माझा मोठा भाऊ. मोठंचा शेवटचा क्लॅरिनेटचा तुकडा त्याचा होता, कानबाईला निरोप देताना बायका म्हणतात त्या चालीवरचा. तो वाजवायला लागला की मास्तरसुद्धा ठेका विसरायचे. पलसाण्याच्या एका डाईंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, तो कामाला होता. एका सकाळी डबा घेऊन निघाला, कडोदऱ्याच्या चौकात त्याला ओळखीच्यांनी पाहिलं, आणि तिथून पुढे तो कुठेच पोचला नाही. फोन बंद. पोलिसांत सांगून झालं, दवाखाने झाले, शवागारं झाली. कोणी म्हणे कामरेजच्या टोलनाक्यावर दिसला, कोणी म्हणे वापीला. मी जाऊन आलो, प्रत्येक ठिकाणी. भांडण नव्हतं, उधारी नव्हती, बाई नव्हती. एक जिवंत माणूस रस्त्यावरून पुसला गेला.

माय तेव्हापासून एकाच गोष्टीवर जगत होती, ती म्हणजे दादा येणार. मास्तरांनी त्या वेळी मला बोलावलं, माझं व्हायोलिन काढून घेतलं आणि दादाच्या खुर्चीवर बसवून हातात क्लॅरिनेट दिलं. "गेलेल्याची जागा रिकामी ठेवतो आपण," म्हणाले. "हा गेलाय असं कोणी सांगितलंय का? नाही ना? मग हे वाजत राहिलं पाहिजे." मी बदकासारखा वाजवायचो. शेवटची एक हरकत होती, दादा ती श्वास तुटत आला असताना वर नेऊन सोडून द्यायचा, ती मला कधीही जमली नाही. तरी प्रत्येक कार्यक्रमाला माय येऊन बसायची, माझा तुकडा येईपर्यंत हात जोडून असायची, मी वाजवलं की हात सोडायची. पोरगा अजून आहे याचा तिच्याकडे तेवढाच पुरावा होता. मी कसं वाजवलं हे तिनं कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या वर्षांत तिनं मला काहीच विचारलं नाही. ती माझ्याकडे बघायची तेव्हाही माझ्या मागे दादा येतोय का तेच बघायची, आणि याचा मला फार त्रास व्हायचा.

एका कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात मास्तर आमच्या डिंडोलीच्या खोलीवर आले. ते कोणाकडे जात नसत, लोक त्यांच्याकडे जात. उभ्यानंच चहा घेतला. कपबशी खाली ठेवताना त्यांनी मायच्या खांद्याच्या वरून दाराकडे बघितलं आणि तो प्रश्न विचारला. दादा कसा चालायचा, म्हणून.

अख्ख्या लिंबायत-डिंडोलीला ठाऊक होतं या प्रश्नाचा अर्थ काय ते. माय भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"तो सोता चालत यी, मास्तर," ती म्हणाली. "मी काबर चालू?"

मास्तर वळून बाहेर पडले. मी त्यांच्यामागे जिन्यावरून धावलो, दंड धरला, तुम्हाला काय कळलंय, कोणी सांगितलं, निरोप आलाय का, असं काय काय विचारलं. त्यांचा दंड गारठलेला होता, एप्रिलच्या उन्हात. तालमीच्या दुपारी खुर्च्या पुसताना तू बसतोस त्या दादाच्या खुर्चीवर हात ठेवला, एवढंच ते म्हणाले, आणि पुढचं सांगेनात. मी त्यांना शिव्या दिल्या. त्यांनी त्या खाली मान घालून ऐकल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळपासून पाण्यावर होतो. जायचंच नाही असं ठरवलं होतं, पण माय कधीच तयार होऊन बसली होती आणि तिला एकटीला पाठवायचा धीर मला झाला नाही. बाहेर रखरखीत ऊन, आत वाडीत पंख्यांचा आवाज. मोठं सुरू झालं. तात्यांची जागा गेली, वर्ध्याच्या बाईच्या नवऱ्याची गेली, एकेक करत सगळ्या गेल्या. माझा तुकडा जवळ आला तसं मी क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि मास्तरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्याच्या वर बघत होते. मग त्यांचा डावा तळहात वर आला.

सगळे थांबले. मी नाही थांबलो. मला एवढंच दिसत होतं की पहिल्या रांगेत मायचे हात जोडलेले आहेत. मी डोळे मिटून वाजवत सुटलो, एकटा, मास्तरांचा हात झुगारून. आयुष्यात पहिल्यांदा माझा सूर बदकासारखा आला नाही. ओळीमागून ओळ सुटत गेली, बोटं मला न विचारता पडत होती. मी वाजवतोय की मला कोणी वाजवतंय हे कळेना तशी माझ्या मानेवर शिरशिरी आली. शेवट आला तेव्हा माझ्या छातीत श्वास उरला नव्हता. मी क्लॅरिनेट तोंडातून काढलं.

सूर थांबला नाही. तो वर गेला, दादा न्यायचा तसा, आणि तिथून हलकेच सुटला.

वाडीचं छत उंच आहे, आवाज घुमतो, असं नंतर कोणी म्हणालं. घुमत असेल. मी मात्र त्या क्षणी शेजारी वळून बघितलं नाही, कारण माझ्या खुर्चीला कोणाचा तरी गुडघा टेकलेला होता. मग मास्तरांनी हात खाली घेतला आणि राहिलेलं सगळ्यांनी कसंबसं पुरं केलं.

टाळ्या झाल्या नाहीत. लोक हळूहळू उठत होते, तेवढ्यात माय रांगेतून निघाली आणि स्टेजची पायरी चढून वर आली. ती कधी वर येत नसे. मला ओलांडून ती मास्तरांसमोर उभी राहिली. ते फडक्यानं कपाळ पुसत होते. मला वाटलं, ती आता त्यांच्या थोबाडीत देणार. खरं तर मला तेच हवं होतं.

"बारीक व्हयेल व्हता का तो?" तिनं विचारलं.

ज्या माणसानं इतक्या वर्षांत एकाही विधवेला, एकाही बापाला उत्तर दिलं नव्हतं, त्यानं फडकं खाली ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी मास्तरांना कोणाच्या तरी डोळ्यांत बघून बोलताना पाहिलं.

"नाही, माय," ते म्हणाले. "चांगला होता. अंगानं भरला होता."

माय रडली नाही. मग तिनं माझ्याकडे हात केला.

"मंग आते याले सोडा," ती म्हणाली. "सकायपासून जेयेल नही तो."

माझ्या हातातून तिनंच क्लॅरिनेट काढून घेतलं आणि खुर्चीवर ठेवलं. मला खरंच कडकडून भूक लागली होती. तिथेच, सगळ्यांसमोर, मला रडू फुटलं.